बॉडीशॉपमध्ये टीमने काम: सुरुवात कुठून करायची आणि पगाराला हात कधी लावायचा

बडोद्यात बॉडीशॉप, म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारं वर्कशॉप, चालवणाऱ्यांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "टीम करून पाहिली, आपल्याकडे चालत नाही." खोदून विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच कहाणी निघते. मालकाने आधी ठेका, म्हणजे दर पॅनेलला ठरलेली मजुरी, बंद केला, मग भिंतीवर 'टीम ए', 'टीम बी' अशा पाट्या लावल्या. गाडी खोलण्याची आणि पार्ट मागवण्याची पद्धत मात्र होती तशीच राहिली. महिन्याभरात चांगला डेंटर शेजारच्या शेडमध्ये गेला, पेंटर म्हणाला माझं नुकसान होतंय, आणि पाट्या उतरल्या.

क्रम उलटा हवा. आधी मोजणी, मग गाडी पूर्ण खोलायची शिस्त, मग टीम, आणि पगार सगळ्यात शेवटी.

टीम म्हणजे गाडी खोलण्यापासून ग्राहकाच्या हातात चावी देईपर्यंत ती गाडी ज्यांची असते अशी चार-पाच माणसं. डेंटरने ठोकून पेंटरच्या दारात सोडली आणि पेंटरने रंगवून फिटरच्या गळ्यात मारली, याला टीम म्हणत नाहीत. ज्यांच्याकडे किमान पाच-सहा कारागीर आहेत आणि विम्याची कामं नियमित येतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. दोन माणसांच्या गॅरेजला यातलं बरंचसं लागणार नाही.

## सुरू करण्याआधी: कॅलेंडर बघा

मकरपुऱ्याची जीआयडीसी (औद्योगिक वसाहत) असो की छाणी, आपल्याकडचे बरेच कारागीर उत्तर प्रदेश-बिहारचे. दिवाळी-छठला आणि होळीला ते गावी जातात. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण, त्या दोन दिवसांत शेडमध्ये कोणी सापडत नाही. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे रंगाची कामं रेंगाळतात, आणि विश्वामित्री नदीला पाणी चढलं तर सगळंच विस्कटतं. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर बुडालेल्या गाड्यांची जी रांग लागली, तसल्या गर्दीत कुठलीही नवी पद्धत टिकत नाही.

होळीला गेलेली माणसं परत आली की सुरू करा. पावसाआधी दोन-अडीच महिने मिळतात.

## टप्पा १: तीन आठवडे नुसतं मोजा

काही बदलू नका. एक वही घ्या आणि प्रत्येक गाडीसाठी सहा तारखा लिहा: गाडी आली, खोलली, सगळे पार्ट आले, डेंटिंग संपलं, रंग संपला, डिलिव्हरी. गाडी जिथे थांबली तिथे कारण एका शब्दात लिहा: मंजुरी (विम्याची), पार्ट, बूथ (रंग मारायची बंद खोली), दुबार काम, ग्राहक.

समजा बंपर, फेंडर आणि बॉनेटच्या एका गाडीवर प्रत्यक्ष हात चालले चौदा तास, आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली नऊ दिवस. मग कारागिरांना "हात चालवा" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. गाडी कुठे थांबते ते वहीत दिसेल, आणि टीमने नेमकं काय सोडवायचं ते तिथूनच ठरेल. बहुतेक वह्यांत 'पार्ट' आणि 'मंजुरी' हेच दोन शब्द सगळ्यात जास्त वेळा निघतात.

थांबा: घड्याळ घेऊन कारागिराच्या मागे उभं राहू नका. तारखा पुरतात. माणूस मोजला जातोय असं वाटलं की तो पहिल्या दिवसापासून विरोधात जातो, आणि त्याचं चुकतही नाही.

## टप्पा २: गाड्यांचे तीन ढीग करा

- हलक्या: एक ते तीन पॅनेल, चॅसिसला मार नाही, बाहेरचे पार्ट.
- मध्यम: चार ते सात पॅनेल, सपोर्ट मेंबर (आतला आधाराचा भाग) किंवा रेडिएटर बदलायचा आहे.
- जड: चॅसिस वाकलेली, एअरबॅग उघडलेली, पिलर (छत पेलणारा खांब) कापायचा, किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीजवळ मार बसलेला.

पहिल्या टीमला फक्त हलक्या आणि मध्यम गाड्या द्या. जड गाडी महिनाभर जागा अडवते आणि टीमची लय बिघडवते. ती एका अनुभवी उस्तादाकडे वेगळी ठेवा, त्याच्या जुन्याच दराने.

जड गाड्यांबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आजकालच्या गाड्यांच्या पिलरमध्ये आणि सिलमध्ये (दरवाजाखालच्या पट्टीत) जास्त ताकदीचं स्टील असतं. गॅसचा शेक देऊन ते ओढलं की दिसायला सरळ होतं, पण ताकद जाते. कुठे कापायचं, कुठे ओढायचंच नाही हे कंपनीच्या दुरुस्ती मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. इलेक्ट्रिक गाडीतल्या उच्च दाबाच्या नारिंगी केबलना प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावायचा नाही. आणि रंगानंतर बूथमध्ये तापवताना बॅटरीसाठी कंपनीने घातलेली तापमानाची मर्यादा आधी वाचायची.

## टप्पा ३: माणसं निवडा

पहिल्या टीमला पाच जण पुरतात: मुख्य डेंटर, दुसरा डेंटर, खोलणं-बसवणं करणारा फिटर, पेंटर, आणि घासाई-मास्किंग (रंग लागू नये तो भाग झाकणं) करणारा हेल्पर.

इथे सगळ्यात जास्त चुका होतात.

पहिली चूक म्हणजे सगळ्यात चांगल्या डेंटरला टीमचा मुख्य करणं. ज्याला जॉब कार्ड वाचता-लिहिता येतं, जो फोनवर पार्टवाल्याशी शांतपणे बोलतो आणि ज्याच्या शब्दाला पेंटरही मान देतो, तो मुख्य. कधीकधी तो फिटर निघतो. हरकत नाही.

दुसरी चूक म्हणजे दोन उस्ताद एका टीममध्ये घालणं. दोघांचे चेले वेगळे, दोघांची पद्धत वेगळी, आणि हेल्परने कोणाचं ऐकायचं यावर रोज भांडण.

तिसरी चूक उस्ताद आणि त्याचा हेल्पर यांना तोडणं. तो हेल्पर बहुतेकदा त्याच्याच गावचा, भाचा-पुतण्या असतो. ती जोडी तशीच ठेवा आणि टीम तिच्याभोवती उभी करा.

निवड झाली की प्रत्येकाशी एकट्याने बोला. फिटर चाळिशीतला असेल तर "दादा, तुमच्या पगारात टीमच्या पहिल्या दोन महिन्यांत एक रुपयाही कमी होणार नाही" हे वाक्य सगळ्यात आधी. बाकी सगळं त्यानंतर. पाठीमागे कुजबुज याच एका प्रश्नावर चालू असते.

तपासा: पाचातल्या निदान तिघांना शेजाऱ्याचं थोडंफार काम येतं का? डेंटर मास्किंग करू शकतो का, फिटर पुट्टी घासू शकतो का? कोणालाच येत नसेल तर आधी दोन आठवडे ते शिकवा. छठला पेंटर गावी गेला की फरक तेव्हा कळतो.

## टप्पा ४: जागा आणि ट्रॉल्या

टीमसाठी सलग तीन जागा राखा: एक खोलायची, एक डेंटिंगची, एक घासाईची. बूथ सामाईक राहील. टीमच्या जागेत दुसऱ्या कोणाची गाडी लावायची नाही, ओळखीच्या माणसाचीही नाही.

प्रत्येक गाडीला एक ट्रॉली. खोललेला प्रत्येक पार्ट, प्रत्येक क्लिप त्याच ट्रॉलीवर. क्लिप आणि स्क्रू झिप पिशवीत घाला, पिशवीवर मार्करने 'पुढचा बंपर, डावी बाजू' असं लिहा. नवा पार्ट आला की ट्रॉलीवरच्या जुन्या पार्टशेजारी ठेवून जुळवा: छिद्रं, ब्रॅकेट, सेन्सरची जागा. चुकीचा पार्ट रंग झाल्यावर कळण्यापेक्षा ट्रॉलीवरच कळलेला बरा.

हातोड्या आणि डॉली (ठोकताना पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) डेंटरच्या स्वतःच्या असतात, त्या त्याच्याच राहू द्या. स्पॉट वेल्डर, सँडर, बफिंग मशीन मात्र टीमच्या नावावर.

## टप्पा ५: गाडी पूर्ण खोला, एकदाच

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. टीम चालते की मोडते ते इथे ठरतं.

आपल्याकडची जुनी सवय अशी: सल्लागार (ग्राहकाशी बोलून काम लिहून घेणारा) बाहेरून बघून इस्टिमेट करतो, बंपर आणि हेडलाइट मागवतो. डेंटर बंपर उतरवतो तर आत सपोर्ट वाकलेला. पुन्हा फोटो, पुन्हा मंजुरी, पुन्हा ऑर्डर. चार दिवसांनी फेंडर काढला तर लायनर (चाकावरचं आतलं प्लास्टिक) फाटलेला आणि हेडलाइटचं ब्रॅकेट तुटलेलं. प्रत्येक वेळी गाडी उभी, आणि टीमची पाच माणसं रिकामी. ठेक्यावर काम करणारा डेंटर तेवढ्यात दुसरी गाडी ओढून घेतो, त्यामुळे हे नुकसान आजवर दिसत नव्हतं. टीममध्ये ते पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं.

नवा क्रम असा:

1. गाडी आल्याबरोबर धुवा. धुळीखाली ओरखडे आणि जुनी पुट्टी लपलेली असते.
2. चारही कोपरे, नंबर प्लेट, चॅसिस नंबर, किलोमीटर आणि मार बसलेल्या भागाचे जवळून-लांबून फोटो काढा. आधीपासून असलेले ओरखडे ग्राहकाला दाखवून कार्डावर त्याची सही घ्या.
3. विम्याचं काम असेल तर सर्व्हेअरची पहिली पाहणी झाल्यावर आणि खोलायची संमती मिळाल्यावरच पाना लावा. आधी खोललेल्या गाडीवर वाद झाला तर आपल्याकडे उत्तर नसतं.
4. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअरबॅग किंवा सीट बेल्टच्या वायरिंगजवळ काम असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, मगच पिवळ्या कनेक्टरला हात लावा.
5. मार बसलेल्या भागातलं सगळं खोला, आतल्या सपोर्टपर्यंत. शेजारच्या पॅनेलचं ट्रिमही काढा.
6. डेंटर, पेंटर आणि फिटर तिघांनी एकत्र उभं राहून यादी करायची. डेंटर बघतो काय ठोकायचं, काय बदलायचं. फिटर क्लिप, ब्रॅकेट, सील मोजतो. पेंटर रंग कुठपर्यंत न्यायचा ते सांगतो. मेटॅलिक आणि पर्ल रंगात शेजारच्या पॅनेलवर रंगाची छटा पसरवावी लागते, आणि ते इस्टिमेटमध्ये आलं नाही तर नंतर त्याचे पैसे मिळत नाहीत.
7. वाढीव इस्टिमेट एकदाच पाठवा, फोटोंसकट.
8. मंजुरी आल्यावर सगळे पार्ट एकाच ऑर्डरमध्ये मागवा. अहमदाबादच्या डेपोतून यायचे असतील तर कोणता कधी येणार हे ट्रॉलीवर लिहून ठेवा.
9. सगळे पार्ट ट्रॉलीवर येईपर्यंत डेंटिंग सुरू करू नका.

नववा मुद्दा मालकांना पचत नाही. "गाडी नुसती उभी राहील त्यापेक्षा काम तरी चालू ठेवा ना!" पण अर्धवट सुरू केलेली गाडी जागा अडवते, आणि शेडमध्ये अर्धवट गाड्या वाढल्या की सगळ्यांचाच वेग पडतो. ती बाहेर उभी राहू दे. टीमने पार्ट पूर्ण असलेली दुसरी गाडी आत घ्यावी.

थांबा: काढलेला तुटका पार्ट फेकू नका. शेवटची पाहणी होईपर्यंत तो गाडीच्या नावाने ठेवा. भंगारवाला दारात येतो म्हणून बंपर देऊन टाकला आणि सर्व्हेअरने तो मागितला, असं सर्रास घडतं.

तपासा: महिन्यातल्या किती गाड्यांना दुसऱ्यांदा पार्ट मागवावे लागले? हा आकडा खाली येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ६: हाती देण्याचे नाके

एकाने दुसऱ्याच्या हाती गाडी देताना घेणारा तपासेल, देणारा नाही. डेंटरने स्वतःच 'ओके' लिहायचं नाही. पेंटर हात फिरवून बघेल आणि सही करेल.

डेंटिंग ते घासाई. नवं पॅनेल रंगाआधी कच्चं बसवून बघा. बॉनेट-फेंडर आणि फेंडर-दरवाजा यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेली असेल तर गाडी परत डेंटरकडे. खड्डा पुट्टीने भरून काढणं ही ठेक्याची सवय आहे आणि टीमचे पैसे तीच खाते.

घासाई ते बूथ. पुट्टीत हार्डनर वजनाने साधारण दोन टक्के. 'लवकर सुकावं' म्हणून जास्त घातला की रंगावर डाग उठतात. ८० नंबरच्या सँडपेपरवरून एकदम ३२० वर उडी मारली तर रेघा सर्फेसरखाली (रंगाआधीच्या थराखाली) राहतात आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) सुकल्यावर वर येतात. मधला १८० चुकवू नका. गाइड कोट (घासण्याआधीचा पातळ काळा थर) मारून घासा. काळे ठिपके राहिले तर काम राहिलं. प्लास्टिकच्या नव्या बंपरला प्लास्टिक प्रायमर लागला का, हे इथेच विचारा.

बूथ ते फिटिंग. रंगाची छटा आधी कार्डावर मारून उन्हात गाडीशेजारी धरून पाहिली होती का? साधारणपणे क्लिअर पत्रा ६० अंशांना पोचल्यावर ३० मिनिटं भाजतात. आपल्या मालाच्या डब्यावर जे लिहिलंय ते अंतिम. बूथचं तापमान म्हणजे पत्र्याचं तापमान नव्हे. गरम असतानाच बंपर बसवायला घेतला की बोटांचे ठसे.

फिटिंग ते डिलिव्हरी. सगळे दिवे, सेन्सर, वायपर, काचा, लॉक चालवून बघा. पिशवीत एकही क्लिप उरता कामा नये. पुढच्या चाकाजवळ मार होता तर अलाइनमेंट. गाडीत कॅमेरा-रडारवर चालणारी सुरक्षा यंत्रणा असेल आणि काच किंवा बंपर बदलला असेल, तर कॅलिब्रेशन (यंत्रणा पुन्हा अचूक लावून घेणं) लागतं का ते मॅन्युअलमध्ये बघा.

थांबा: टीममध्ये सगळेच एकमेकांना मदत करायला लागतात, म्हणून बूथमध्येही माणसं वाढतात. हार्डनर घालून मारायच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट, म्हणजे श्वासाला घातक रसायनं, असतात. तोंडाला रुमाल बांधून त्यांच्यापासून काही बचाव होत नाही. फवारा चालू असताना आत असलेल्या प्रत्येकाला, हेल्परलाही, योग्य मास्क हवा. सगळ्यात चांगला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा. मास्क नाही तर बूथमध्ये पाऊल नाही.

## टप्पा ७: सकाळची दहा मिनिटं

ट्रॉल्यांजवळ उभ्याउभ्या. मुख्य माणूस प्रत्येक गाडीबद्दल तीनच गोष्टी विचारतो: आज ही कुठपर्यंत जाणार, कशामुळे अडेल, अडलं तर कोण मोकळा आहे. मालकाने ऐकायचं. कालच्या चुकांवर भाषण द्यायला सुरुवात केली की तिसऱ्या दिवसापासून लोक गप्प उभे राहतात.

एक भिंतीवरचा फळा पुरतो. गाडीचा नंबर, टप्पा, डिलिव्हरीचा दिवस. ॲप नंतर बघू.

## टप्पा ८: आता पगार

टीम दोन महिने चालली, दुबार ऑर्डर कमी झाल्या, तेव्हाच इथे या.

आधी जुने सहा महिने काढून प्रत्येकाची सरासरी कमाई लिहा, ठेक्याची असो की पगाराची. ती त्याची हमीची रक्कम. काहीही झालं तरी त्याच्या खाली जायचं नाही, आणि किमान वेतनाच्या खाली तर प्रश्नच नाही. हमीच्या वर टीमची मजुरी जास्त झाली तर त्यातला ठरलेला भाग टीमला. वाटणी आधीच ठरवा आणि फळ्यावर लिहा.

उदाहरणार्थ: मुख्य डेंटर ३०, पेंटर २५, दुसरा डेंटर २०, फिटर १५, हेल्पर १०. महिन्याचा बोनस ₹२०,००० निघाला. सगळे पूर्ण हजर असतील तर मुख्य डेंटरला ₹६,०००, पेंटरला ₹५,०००, हेल्परला ₹२,०००.

आता पेंटर २५ पैकी २० दिवसच आला. त्याचे भाग २५ वरून २० होतात, एकूण भाग ९५. पेंटरला मिळतात सुमारे ₹४,२११, मुख्य डेंटरला सुमारे ₹६,३१६, हेल्परला सुमारे ₹२,१०५. त्याचं काम ज्यांनी ओढलं त्यांच्याकडे पैसे आपोआप गेले. हा हिशोब सगळ्यांसमोर एकदा कागदावर करून दाखवा, गुजराती, हिंदी, मराठी, ज्याला जी कळेल त्या भाषेत.

परत आलेली गाडी टीमच विनामोबदला दुरुस्त करेल, त्या वेळेचा बोनस नाही. पण पगारातून दंड कापू नका. दंड सुरू झाला की लोक चुका लपवतात, आणि लपलेली चूक ग्राहकाच्या घरी उघडी पडते.

हेल्परला वाटा नकोच, असं काही उस्ताद म्हणतील. इथे मालकाने मागे हटू नये. घासाई चुकली की सगळा रंग वाया जातो, आणि ती घासाई हेल्परच करतो.

## टप्पा ९: दुसरी टीम, आणि तिच्याआधीचे अडथळे

पहिली टीम स्थिरावताना दोन माणसं तिला मोडतात, आणि ती दोन्ही ऑफिसात बसलेली असतात. एक सल्लागार. ग्राहकाचा फोन आला की तो थेट पेंटरकडे जाऊन "ही आधी घे" म्हणतो. यापुढे त्याने फक्त टीमच्या मुख्य माणसाशी बोलायचं. दुसरा मालक. ओळखीच्या भाईंची गाडी मध्ये घुसवायची असेल तर सकाळच्या दहा मिनिटांत सांगा. फळ्यावर कोणती गाडी मागे गेली हे सगळ्यांना दिसू द्या, आणि तिच्या ग्राहकाला फोन तुम्ही स्वतः करा.

दुसरी टीम करण्याआधी बूथचा हिशोब मांडा. बहुतेक शेडमध्ये बूथ एकच असतो. दोन्ही टीमच्या गाड्या दुपारी चारलाच दारात उभ्या राहिल्या तर जुनंच भांडण नव्या नावाने सुरू होतं. पहिल्या टीमला सकाळचा बूथ, दुसरीला दुपारचा, आणि बफिंग-फिटिंग उरलेल्या वेळेत, अशी पाळी लिहून लावा. पेंटर एकच असेल तर दुसरी टीम करूच नका. आधी घासाईवाल्या हेल्परला बंपर आणि आतल्या भागांवर फवारणी शिकवा, आणि त्याच्या हातून मुख्य पॅनेल निघायला लागलं की मग दुसरी टीम उभी करा.